माया सोडजा

धर्मपाल तायडे यांनी वर्षभरात घरी शिवलेले सगळे कपडे गच्चीवरच्या तारेवर ओळीनं टांगले आणि दोन पावलं मागे सरून त्यांची पाहणी केली. एकूण अकरा नग. चार लेंगे, तीन शर्ट, दोन पँटी, एक बंडी, आणि एक असं काहीतरी, जे सुरुवातीला शर्ट होतं आणि शेवटी भाजीची पिशवी झालं. अकराच्या अकरा नग त्यांना घट्ट होत होते. तेवढी एक बाब वगळली तर वर्ष उत्तम गेलं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

बारावा आणि तेरावा नग खाली खोलीत इस्त्री करून ठेवलेला होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट. उद्या अकोल्याला धाकट्या बहिणीच्या, ललिताच्या मुलाचं लग्न होतं आणि मामा स्वतः शिवलेल्या कपड्यांत येणार हे त्यांनी फोन करकरून सगळ्या नातेवाइकांना कळवून ठेवलं होतं. वर्षही नेमकं उद्याच पुरं होत होतं. त्यांना ते फार शुभ वाटलं.

धर्मपाल हे पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले. सगळी हयात कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली. रेघ म्हणजे रेघ, तिच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही, हा त्यांचा बाणा. शिवणकामही त्यांनी त्याच शिस्तीत केलं. प्रत्येक कपड्याचा आधी कागदावर आराखडा, एकास दहा या प्रमाणात. खालच्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत 'आराखडा क्र. ३, लेंगा, मागील बाजू' आणि सही. लेंग्याच्या आराखड्यावर त्यांनी उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला होता. लेंगा घालून माणूस कोणत्या दिशेला तोंड करून उभा राहील हे कुणी सांगावं, असं त्यांची बायको भावना म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला आपल्या कामात ढवळाढवळ करायची सक्त मनाई केली. मशीन तिचं होतं, ही गोष्ट वेगळी.

हे सगळं सुरू झालं ते गोवर्धनमुळे.

गोवर्धन हा अमरावतीच्या राजापेठेतला शिंपी. अठ्ठावीस वर्षं धर्मपालांचा कपडा न् कपडा त्यानंच शिवला. पण कपडे हा निव्वळ बहाणा होता. संध्याकाळी सहा वाजले की धर्मपाल त्याच्या दुकानातल्या बाकड्यावर जाऊन बसत आणि साडेसातला उठत. गोवर्धन मशीन चालवी, हे बोलत. मशीन थांबलं की तो बोले, हे ऐकत. दोघांचं एकाही विषयावर कधी एकमत झालं नव्हतं आणि त्यामुळे विषय कधी संपत नसत.

मागच्या वर्षी गोवर्धननं नव्या पँटीसाठी त्यांच्या कमरेला टेप लावली.

"साहेब, अडतीस."

"चौतीस लिही," धर्मपाल म्हणाले.

"लिहीन चौतीस. पन मंग पँट शिवून झाली का शेजारच्याले देऊन टाकजा."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चारही हसली. धर्मपालांचा राग तसाही नाकावरच असायचा. ते म्हणाले, "तुही टेप आकसली असंन. इतके वर्षं घाम पिऊन राहिली ते."

टेपेवर आलेलं शिंप्याला सहन होत नाही. गोवर्धन म्हणाला, "एवढं सोपं वाटून राहिलं तं घरी शिवून पाहा ना एक वरीस."

"पाहतोच."

"पाहाच."

धर्मपाल तरातरा पायऱ्या उतरले. आणि ते रस्त्यावर पोचतात न पोचतात तोच मागून गोवर्धनचा आवाज आला, "साहेब, माया सोडजा बरं."

आता ज्यांच्या घरात शिवणाचं मशीन आहे त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगून टाकतो. कपडा बेतताना मापाच्या रेघेवर कात्री चालवत नाहीत. रेघेच्या बाहेर इंच-दीड इंच कापड जास्तीचं ठेवतात. ते शिलाईच्या आत राहतं, बाहेरून दिसत नाही, आणि पुढेमागे माणूस सुटला तर उसवून कपडा सैल करता येतो. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात आणि ते ठेवण्याला माया सोडणं. गोवर्धन रागावला असला तरी हाडाचा शिंपी होता. माणूस घरी कपडा बेतणार म्हटल्यावर त्याच्या तोंडून पहिली सूचना निघाली ती हीच.

पण कालव्याच्या नकाशाला माया नसते. धर्मपालांनी हा शब्द त्या अर्थानं जन्मात ऐकला नव्हता. त्यांना एवढंच कळलं की, अठ्ठावीस वर्षांनंतर या माणसानं भर रस्त्यात, सगळ्यांदेखत सांगितलं की आता आपल्यातली माया सोडा.

ते घरी आले आणि जेवले नाहीत. भावनानं विचारलं तर म्हणाले, "काही नाही. आजपासून कपडे घरी शिवीन मी."

खरी गोष्ट अशी की त्यांना फार लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सहा वाजले आणि या माणसाला आपल्या पायांचं काय करावं ते कळेना. ते फाटकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. राजापेठेत काम निघालं तर ते लांबून वळसा घालून जाऊ लागले. गोवर्धननं एक हाक मारली असती तर धावत गेले असते, पण आपण होऊन कसं जायचं? त्यानंच तर सोडा म्हटलं होतं. म्हणून ते मशीनवर बसत आणि संध्याकाळचा तो दीड तास पायाखाली तुडवून काढत.

पहिला लेंगा शिवून झाला आणि मांड्यांवरच अडकला. भावनानं तो उलटसुलट करून पाहण्याआधीच त्यांनी हिसकावून घेतला.

"अवो, माया सोडली होती का?" तिनं विचारलं.

धर्मपाल चपापले. हिला कुणी सांगितलं? दुकानातली गोष्ट गावभर झालेली दिसते.

"सोडली," ते म्हणाले. "केव्हाचीच सोडली."

"मंग असा काहून झाला?"

"त्याचा त्याच्याशी काय संबंध?"

भावनानं एकदा लेंग्याकडे आणि एकदा त्यांच्या पोटाकडे पाहिलं. माया सोडूनही लेंगा चढत नाही म्हणजे दोष कापडाचा नाही, असा तिनं सरळ हिशेब केला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ताटातला भात अर्धा केला.

दुसरा नग त्यांनी गुपचूप अडतीसच्या मापानं कापला. तोही घट्ट. मग चाळीस. कात्री मात्र बरोबर रेघेवरून, केसभर इकडे नाही की तिकडे नाही, आणि शिलाई काठाला बिलगून, जेमतेम धाग्याला धरायला जागा. काठाचं कापड विसविशीत होऊन सुटायला लागलं की आणखी थोडं आत टाका घालायचा. असं करत करत चाळीसचे छत्तीस होत. धर्मपालांना भीती वाटायला लागली. आपण दिवसेंदिवस फुगतोय असं त्यांच्या मनानं घेतलं. ते पहाटे छत्री तलावाला फेऱ्या मारायला लागले, संत्र्याची बर्फी बंद केली, चहातली साखर तोडली. माणूस वाळत चालला आणि कपडे आणखी घट्ट होत चालले. कधी मिलवाल्यांना शिव्या घालायच्या, कधी अमरावतीच्या पाण्याला. तिसऱ्या शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या, तेव्हा मात्र त्यांनी कुणालाच दोष दिला नाही. तो शर्ट घालून ते दोन दिवस उजवा हात मागे बांधून फिरले.

भावना अधूनमधून विचारायची, "खरंच सोडून राहिले ना माया?" आणि ते दर वेळी थोड्या जास्त कडवट आवाजात सांगायचे, "सोडली म्हटलं ना." एकदा तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, सुई टोचली.

असं ते वर्ष. लग्नाच्या दिवशी सकाळी दोघंही बडनेऱ्याहून गाडीत चढले. धर्मपाल अकोल्यापर्यंत उभेच राहिले. जागा होती, पण पँटीची बसायची तयारी नव्हती.

हॉलमध्ये पोचल्यावर त्यांचं कौतुक फार झालं. नवरदेवानं, स्वप्निलनं, वाकून पाया पडत "मामा, खरंच तुमीच शिवला?" असं विचारलं आणि मामांनी छाती काढली. छाती काढली तिथेच पहिलं बटण गेलं. पण ते कुणाला दिसलं नाही.

वंदना झाली. वधूवरांनी एकमेकांना हार घातले. मंगलगाथा सुरू झाल्या आणि सगळ्यांनी फुलांच्या पाकळ्या हातात घेतल्या. पहिल्या गाथेला धर्मपालांनी पाकळ्या जपून, कोपर न हलवता टाकल्या. त्या पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या अंबाड्यात पडल्या. दुसऱ्या गाथेला त्यांना वाटलं, सख्खा भाचा आहे, असं काय टाकायचं. त्यांनी हात मागे नेला आणि मनापासून फेकला. पाकळ्या गेल्या आणि त्यांच्या मागोमाग उजवी बाही गेली. ती खांद्यापासून सुटून हातावरून सरळ निघाली आणि नवरदेवाच्या पायाशी जाऊन पडली.

सभागृहात कुणी हसलं नाही. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि खांदे मात्र हलत होते. धर्मपाल पुढे झाले, बाही उचलायला वाकले, आणि मागून असा आवाज आला की गाथा म्हणणारे बौद्धाचार्यही एक ओळ विसरले.

पुढचं दृश्य नवरीच्या खोलीत. धर्मपाल कमरेला चादर गुंडाळून खुर्चीवर बसलेले. समोर ललिता उसवलेली पँट उलटी करून पाहत उभी. तिचं तोंड लहानपणापासून फटकळ.

"दादा, ह्याच्यात मायाच नाही."

"नाही ना," धर्मपाल खोल आवाजात म्हणाले. "सोडली."

"कुठी सोडली? मले दाखव. बोटभर बी कापड नाही आतमंधी."

"कापडाचं काय घेऊन बसली तू?"

तेवढ्यात भावनानं पिशवीच्या तळातून एक जुनी पांढरी पँट काढली. नवरा कसला आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं ती न सांगता आणली होती. गोवर्धनची शिलाई, सहा वर्षांपूर्वीची. धर्मपालांनी चादरीआड ती चढवून पाहिली, पण कमरेशी चार बोटं कमी पडली. ललितानं ती परत मागून घेतली, कमरेची मागची शिवण ब्लेडनं उसवली आणि आतलं दुमडलेलं कापड बाहेर ओढलं. ते येतच राहिलं. एका बाजूनं दोन इंच, दुसऱ्या बाजूनं दोन इंच, नवंकोरं, कधी उजेड न पाहिलेलं.

"हे पाह्य," ललिता म्हणाली. "याले माया म्हनतेत. केवढी सोडली त्या मानसानं तुयासाठी."

धर्मपालांनी ते कापड हातात घेतलं. मग त्यांनी भावनाकडे पाहिलं, आणि तिनं त्यांच्याकडे. वर्षभराच्या सगळ्या प्रश्नोत्तरांची दोघांच्याही डोक्यात एकदम उजळणी झाली. भावना मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. धर्मपाल हसले नाहीत. नुसतं विचारलं असतं तर? वर्षभरातल्या तीनशे पासष्ट संध्याकाळी त्यांनी एका शब्दापायी फुकट घालवल्या होत्या.

जेवणाच्या पंगतीला ते उसन्या शर्टात आणि त्या सैल केलेल्या पँटीत बसले. चार वाजता भावनाला म्हणाले, "तू राहा. मी जातो."

"आत्ता? वरात राहिली ना अजून."

"मले सहाच्या आत पोचाले पाह्यजे."

ते सहा दहाला राजापेठेत पोचले. गोवर्धन चष्मा नाकावर घेऊन काजं करत होता. बाकड्यावर कापडाचे गठ्ठे रचलेले होते. त्यानं वर पाहिलं, गठ्ठे उचलून खाली ठेवले आणि पुन्हा काजाकडे वळला. धर्मपाल बसले. त्यांनी पिशवीतून एक सुटी बाही आणि एकाच बाहीचा शर्ट काढून मशीनवर ठेवला. मग सुरुवातीपासून सगळं सांगितलं, दोन डाव्या बाह्यांसकट.

गोवर्धन आधी नुसता ऐकत होता. बाही नवरदेवाच्या पायाशी पडली तिथे त्याचा धीर सुटला. तो हसत हसत स्टुलावरून घसरला, भिंतीला टेकला, डोळे पुसले. आणि मग एकदम थांबला.

"म्हंजे," तो म्हणाला, "तुमाले वरीसभर वाटलं का मी तुमाले तसं म्हटलं?"

"हाव."

"मले वाटलं, साहेबाले शिवता आलं, आता आपली गरज नाही." तो पुन्हा स्टुलावर बसला. "पन मी समजा म्हटलं बी असतं. तुमी लगेच सोडून देल्ली?"

धर्मपालांनी कागदावर कधी चुकीची रेघ काढली नव्हती. आता खोटंही बोलवेना.

"सोडाले लय गेलो," ते म्हणाले. "सुटली नाही."

गोवर्धननं तो शर्ट उचलला, उलटा केला, अगदी डोळ्यांजवळ नेला आणि डोळे कोरडे होईपर्यंत त्याचे टाकेच पाहत राहिला.