दोन टक्क्यांच्या आतला

मी 'इतर' बोलतोय. नाक मुरडू नका, ते काम माझं आहे.

लहान मुलांच्या घडीच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या संगणकात तक्रारी साठवतात, तिथला मी शेवटचा कप्पा. प्रत्येक तक्रार महिना, शहर, दुकान आणि कारण अशा बाजूंनी मांडायची, म्हणजे हवी तशी उलटूनपालटून बघता येते. कल्पना चांगली होती हो. पण साहेबांनी पहिल्याच दिवशी नियम घातला: शंभर तक्रारींत ज्या कारणाच्या दोनही भरत नाहीत, ते 'इतर'मध्ये टाका.

तेव्हापासून जो तो माझ्यात घाण ओततोय. रंग उडाला, टाका. तक्रार लांबलचक आहे, वाचायचा कंटाळा आला, टाका. खरकटं भांडं तरी रोज घासतात. मला चार वर्षांत कुणी उघडलं नाही.

उघडलं ते आकडेवाल्या ताईंनी. तक्रारींची मांडणी त्यांच्याकडे होती. आत एकाच गोष्टीच्या सदतीस निघाल्या: बिजागरीत मुलाचं बोट चिरडलं. शहर लावून बघितलं, तर कुठे दोन, कुठे तीन. महिना लावला, तरी तेच. मग त्यांनी नवी बाजू जोडली, खुर्ची कोणत्या आठवड्यात बनली ती. सदतीसपैकी चौतीस एकाच आठवड्यातल्या. ताई तशाच उठून साहेबांकडे गेल्या.

"त्या आठवड्याच्या खुर्च्या परत मागवायला हव्यात."

"दोन हजार तक्रारींत सदतीस. दोन टक्केसुद्धा नाहीत, ताई. नियम माहीत आहे ना?"

"तुम्हीच केलाय तो."

"मग मीच कसा मोडू?" साहेब हसले. त्या हसण्याची मला शिसारी आली.

नवी बाजू त्याच दुपारी काढून टाकली. ताईंची बदली झाली. संचालकांच्या बैठकीत मी पडद्यावरच्या तक्रारींच्या आलेखात राखाडी रंगात झळकलो.

"हे काय?" एका संचालकबाईंनी विचारलं.

"किरकोळ," साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शी!

आज सकाळी अडतिसावी आली. मुलगी दीड वर्षांची, उजव्या हाताची करंगळी. क्रमांकावरून खुर्ची त्याच आठवड्यातली. आईने तक्रारीच्या खाली विचारलंय, 'असं आणखी कुणाच्या मुलाला झालंय का?' ठरलेलं उत्तर गेलंसुद्धा, 'अशी नोंद नाही.'

बाई, नोंद आहे. सदतीस आहेत, माझ्या पोटात आहेत. त्यांना मला उघडायला सांगा हो.