सतरंजीखालचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तीन भावंडांच्या नकाशे काढायच्या ऑफिसात कपाटाखाली बसून सगळ्यांच्या फायली सांभाळतो. मला सर्व्हर म्हणतात. थाट काय तो नावातच.

दादाने दोन दिवस डोकं खाजवून मला तयार केलं. माझं पोट लहान, म्हणून शेजारी एक मोठी साठवणपेटी आणून वायरने जोडली. ताई, दादा, धाकटी, प्रत्येकाला तिच्यात स्वतंत्र कप्पा. ज्याने त्याने आपला पासवर्ड टाकला, की माझ्या रिकाम्या फोल्डरवर त्याचा कप्पा सतरंजीसारखा अंथरला जाई; मग खालची माझी फरशी कुणाला दिसत नसे. "आपला सर्व्हर म्हणजे सोनं आहे सोनं!" असं दादा येईल त्याला सांगायचा. मीही फुशारून जायचो.

मग आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार होता. आदल्या दुपारी धाकटीने आईचं नेहमीचंच बोलणं मोबाइलवर टिपलं आणि माझ्याकडे पाठवलं. नेमका तेव्हाच दादाने पंखा लावायला पेटीचा प्लग काढलेला. सतरंजीच नव्हती हो! मी वेड्यासारखं सगळं खाली फरशीवर, माझ्याच पोटात ठेवलं आणि "जमा झालं" असं सांगून मोकळा झालो. धाकटीने मोबाइल रिकामा केला.

संध्याकाळी पेटी सुरू झाली. सतरंजी परत अंथरली गेली, आणि आईचा आवाज तिच्याखाली दडला.

"दादा, माझ्या कप्प्यात काहीच नाहीये रे!" धाकटी रडकुंडीला आली.

दादाने अख्खी पेटी पालथी घातली. "अगं, तू पाठवलंच नसशील."

किती जीव तुटला माझा! पण कुणी विचारल्याशिवाय बोलायची सोय मला दिलेली नाही.

त्याला चार वर्षं झाली. आई आता पाटीवर लिहून बोलते. आज नवा सर्व्हर आला.

"पेटी नव्याला जोडली. ह्याला पुसून भंगारात देऊन टाकू," ताई म्हणाली.

आईने पाटी पुढे केली. 'आत काही राहिलं नाही ना?'

"नाही गं आई, सगळं पेटीतच असतं," ताईनेच सांगितलं.

अरे, पेटी गेली म्हणजे सतरंजी उचलली गेली! आता नुसतं माझं फोल्डर उघडलं तरी दिसेल. मित्रांनो, जुनं काही पुसण्याआधी एकदा आत डोकावत जा. आम्हाला हाक मारता येत नाही.

धाकटीने 'पुसा'वर बोट ठेवलंय. माझ्या पोटात तिची आई तिलाच विचारते आहे, "काय गं, जेवलीस का?"