लिंबातले दोन खिळे

“कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, पण ह्या लिंबानं खिळा उचललाय!” नाथाजी म्हणाले आणि बाजेवर बसल्या बसल्या त्यांनी काठीचं टोक कडुलिंबाच्या बुंध्याकडं रोखलं.

क्रांतीनं खोडाला टेकवलेल्या टाचा हलवल्या नाहीत. डोक्यावर आडवी धरलेली पट्टी खिळ्याच्या दोन बोटं खालीच थांबली होती. गेल्या वर्षी थांबली होती तिथंच. दुसऱ्या हातात सुलाबाई शिंपिणीकडून मागून आणलेला टेप होता. टेप म्हणत होता, भरतीला लागते तेवढी उंची आहे, वर केसभर उरतेय. खिळा म्हणत होता, नाही.

उद्या पहिल्या एसटीनं साताऱ्याला जायचं की नाही, ते या दोघांतलं खरं कोण यावर होतं. वयात बसणारी ही तिची शेवटची भरती.

खिळा तिच्या आजोबांनी, नाथाजींनीच ठोकलेला. फौजेतले निवृत्त हवालदार, त्यांच्या मापाला घरात कोण बोट लावणार? “डोकं खिळ्याला टेकलं की भरती, तवर घर,” असं त्यांनी तेव्हा बजावलं होतं. गेल्या वर्षी वडूजच्या मैत्रिणी गेल्या, क्रांती राहिली. सगळ्यांदेखत उंचीवरून मैदानाबाहेर काढलं तर, या धास्तीनं तिनं मैदान पाहिलं नाही. रोज पहाटेचं पळणं मात्र सोडलं नाही.

“टेप ताणलाय सुलाबाईचा,” असं नाथाजी आधी म्हणाले होते. शाळेतल्या लाकडी पट्टीला लावून बघितलाय, असं तिनं सांगितल्यावर लिंबाची पाळी आली.

“झाड वाढतंय म्हंजी काय, पोरी? खालनं मुळी रेटती, वर सगळं खोड सरकतं. मी रातच्याला कान लावून ऐकलंय, कर्रकर्र वाजतं. लेहला आमचा एक सुभेदार झाडाला पिशवी अडकवून सुट्टीवर गेला. माघारी आला तर पिशवीत घारीची अंडी!”

“लेहला झाडं कुठली, आबा?”

“हुतं एक. तेच हुतं.” नाथाजींनी मिशी पुसली. “खिळा ठोकला तवा बराब्बर हुता. मग लिंब चढला, त्येच्यासंगं खिळा चढला. तुजी उंची पुरती हाय. जा उद्या बिनघोर.”

जा म्हणाले. एवढंच तर तिला ऐकायचं होतं. तरीही तिनं वळून खिळ्याकडं बघितलं.

अकरावीला सरांनी मोड आलेल्या घेवड्याच्या मुळीवर शाईच्या बारीक रेघा मारायला लावल्या होत्या. दोन दिवसांनी टोकाजवळच्या रेघा एकमेकींपासून लांब गेल्या. वरच्या होत्या तिथंच. वाढ टोकाला असते, सर म्हणाले होते, मुळीच्याही आणि शेंड्याच्याही. मधलं खोड फक्त जाड होत जातं. परड्यातल्या रोपट्याचा शेंडा शेळीनं खाल्ला, तेव्हापासून ते नुसतं बगलेनं फुटतंय, हे तर आबांनीच दाखवलं होतं.

म्हणजे खिळा चढलेला नाही. आणि चढला नसेल, तर ठोकतानाच तो...

तिनं पुढचं मनात येऊ दिलं नाही. टेप बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“जाऊ ना मग, आबा?”

“म्हनलं की.” नाथाजी तिच्याकडं बघत नव्हते. काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत होते, पायानं पुसत होते.

तिची आजी, बनुबाई, गोठ्यातून हात धुऊन आल्या. येता येता त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्या घरात गेल्या नाहीत. लिंबाला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेल्या. तिकडं रविराजचा, क्रांतीच्या वडिलांचा, खिळा होता. ते भरती होऊन निघाले त्या सकाळी नाथाजींनी त्यांना खोडाला उभं करून डोक्याबरोबर ठोकलेला. रविराज सीमेवरून माघारी आले नाहीत. खिळा राहिला. आता सालीनं तो गिळत आणला होता, नुसतं डोकं दिसायचं. दसऱ्याला झेंडूची माळ अडकण्यापुरतं.

बनुबाईंनी हात वर केला. ओल्या बोटांनी सालीत ते डोकं चाचपलं, आणि बोट तिथंच ठेवलं.

“आवं,” त्या म्हणाल्या, “माज्या रवीचा खिळा अजून हाताला तितक्याच उंचीवर लागतोय. इतकी वर्सं माळ घालतीया, कवा शिडी लागली न्हाई मला.”

नाथाजींची काठी थांबली.

“लिंबानं काय बी उचललं न्हाई. पोरगी जाऊ नये म्हनून तुमीच तिचा खिळा दोन बोटं वर ठोकलाय.”