गाण्यातली शेवटची उडी

पहाटेच्या नमाजाची चटई गुंडाळून मुफ्लेह कॉफीचे दाणे भाजायला बसला, तेव्हा त्याच्या मनात एकच विचार घोळत होता. आज आपल्याला ताप यायला हवा. खरा नाही आला तर खोटा. उद्या त्याचा मुलगा शतीवी शुऐला डोंगर चढणार होता, आणि बाप तापाने फणफणलेला असताना कुठला मुलगा त्याला सोडून कडे चढायला जातो?

पाहुणे रम्झी, शिकलेले म्हणून सगळे त्यांना उस्ताज म्हणत, राजधानी अम्मानहून दोन दिवसांपूर्वी आले होते. तिथल्या एका मंडळाने ठरवलं होतं, की रमच्या या वाळवंटात ज्या शिकाऱ्यांनी दोर नसताना, खिळे नसताना, अनवाणी पायांनी कडे सर केले त्यांना पुरस्कार द्यायचे. पहिला मान मुफ्लेहचा. चाळीस वर्षांपूर्वी तो रानबकऱ्याच्या मागावर शुऐलाच्या माथ्यावर पोचला होता आणि तिथे दगडावर टोळीची खूण कोरून आला होता. सगळ्या रमला ते ठाऊक होतं, कारण सगळ्या रमला त्याचं गाणं पाठ होतं. मंडळाला त्या खुणेचा एक फोटो हवा होता, एवढंच. तो आणायलाच शतीवी वर जाणार होता. पितळी बिल्ला रम्झींच्या जीपमध्ये डब्यात होता. संध्याकाळी टोळीतली वडीलधारी मंडळी जेवायला येणार होती.

"पुरस्कार कशाचा रे देता?" म्हातारा औदा तंबूत शिरता शिरताच म्हणाला. औदा म्हणजे मुफ्लेहचा शिकारीतला जोडीदार. एक गुडघा कामातून गेलेला, जीभ मात्र तरुण. "आम्ही मटणासाठी चढायचो, बाबा. भूक लागली म्हणून बिल्ला देता, तर मग अम्मानमधल्या सगळ्या भुकेल्यांना द्या की!"

"हसा, काका, हसा," रम्झी म्हणाले. "पण उद्या तुम्ही नसाल. परदेशी लोकांनी चढलेल्या वाटा पुस्तकात छापल्यात, त्यांच्या नावानिशी. त्यांच्या आधी तिथं कोण गेलं होतं, ते कुणी लिहिलंय? नाव नाही लिहिलं तर माणूस होता हेच पुसलं जातं."

"वरच्यानं त्याच्या वहीत लिहिलंय. त्याला फोटो लागत नाही."

"त्याला नाही लागत. आमच्या मंडळाला लागतो."

औदा खदाखदा हसला. मुफ्लेहला हसू आलं नाही. दाणे करपायला लागले होते.

आता मुफ्लेहच्या मनात काय होतं, ते सांगायला हवं. तो माथ्यावर कधी पोचलाच नव्हता.

त्या वर्षी दुष्काळ होता. तीन दिवस वणवण करून तो शुऐलाच्या अर्ध्याहून वर गेला आणि एका घळीपाशी अडला. घळ पुरुषभर रुंद, खाली अंधार. पलीकडचा कडा पोटासारखा पुढे आलेला, त्या पोटाखाली पाय ठेवायला काही आहे की नाही ते अलीकडून दिसत नाही. तो तिथे बसून राहिला. देवाचं नाव घेत दुपारभर बसला आणि मग रिकाम्या हाताने परत फिरला. खाली उपाशी पोरं मटणाची वाट बघत होती. त्यांना द्यायला त्याच्यापाशी काही नव्हतं, म्हणून त्याने गाणं दिलं. आमच्या शिकाऱ्यांची रीतच ती. वाट कुणी कागदावर मांडत नाही, गाण्यात बांधतात. एक कडवं, एक वळण. गाणं पाठ, म्हणजे डोंगर पाठ. पहिली सात कडवी खरी होती. आठव्यापाशी वाट संपली, पण पोरं तोंडाकडे बघत होती. मग त्याने डोंगरही पुरा केला आणि गाणंही.

*घळ आली पुढ्यात तर थांबू नको, भिऊ नको,*
*उडी घे, पोटाखाली पायरी आहे, मागे वळून पाहू नको.*

तीन वर्षांनी समोरच्या डोंगरावरून त्याला त्या कड्याचं पोट दिसलं होतं. घासलेल्या पातेल्यासारखं गुळगुळीत. पायरी नाही, चीर नाही, झुडूपही नाही. त्या रात्रीही लोकांनी आग्रह केला आणि त्या रात्रीही त्याने आठवं कडवं गायलं. पुढे शिकारीवर बंदी आली, शुऐलावर जायचं कुणाला कारणच उरलं नाही. चाळीस वर्षं ती उडी निरुपद्रवी होती.

"काका." वदहा पडद्याआडून पुढे आली. मुफ्लेहच्या थोरल्या भावाची ती मुलगी, शतीवीची बायको झाली तरी त्याला काकाच म्हणायची. हाताला पीठ लागलेलं. "तुमच्यापासून लपवायला सांगितलंय, पण माझं मन खातंय. शतीवी गेला."

"कुठं गेला?"

"वर. पहाटेच. म्हणाला, संध्याकाळी वडीलधारे यायच्या आत बाबांच्या खुणेचा फोटो हातात ठेवतो. दोर नेला नाही. म्हणाला, बाबांनी नेला होता का? चपलाही इथंच काढून गेलाय."

हातातली कढई निसटली. दाणे वाळूत सांडले.

"हात भाजला का, अबू शतीवी?" औदा म्हणाला.

अबू शतीवी. शतीवीचा बाप. सारी टोळी त्याला याच नावाने हाक मारायची. हे नाव आज संध्याकाळपर्यंत टिकेल का?

रम्झींनी दुर्बीण काढली. "अरे वा! बघा तरी, किती वर गेलाय पोरगा!"

मुफ्लेहने दुर्बीण घेतली. आधी आभाळच दिसलं. मग तांबडा कडा. मग अंजिराचं झाड, त्याच्या वर काळा पट्टा, आणि पट्ट्यावर पोटावर सरपटणारा पांढऱ्या सदऱ्याचा ठिपका. पाचवं कडवं. पोरगा गाण्याचा शब्दन् शब्द पाळत होता.

"फोन लाव त्याला," मुफ्लेह म्हणाला.

"काका, त्या कड्याआड कधी फोन लागलाय?"

अजून तीन कडवी, मुफ्लेहने मनात मोजलं. घळीपाशी गेल्यावर त्याला दिसेलच. डोळे आहेत त्याला. परत फिरेल. पण लगेच दुसरं मन म्हणालं, नाही फिरणार. तुझ्या मांडीवर बसून शिकलाय तो. डोळ्यांना दिसत नाही तिथंच तर गाणं ऐकायचं असतं, हे कुणी शिकवलं त्याला?

आणि तरीही, देवा, तो आणखी थोडा वेळ बसून राहिला! रम्झी समोर होते. शेजारच्या तंबूत बकरं सोलून टांगलेलं होतं. संध्याकाळी अकरा पांढऱ्या दाढ्या येणार होत्या. एक शब्द बोललं की चाळीस वर्षांची अब्रू वाळूत जाणार. ती भीती आणि ही भीती, दोन्ही एकाच छातीत बसल्या होत्या, आणि लाजेची गोष्ट ही की थोडा वेळ दोघींचं वजन सारखंच होतं.

मग वदहाने विचारलं, "काका, उडीच्या जागी वारा असतो का हो?"

मुफ्लेह उठला आणि पळत सुटला.

अडुसष्ट वर्षांचा माणूस वाळूतून धावतो तसा, म्हणजे दोन पावलं पुढे आणि एक मागे. मागून रम्झींची जीप आली, औदा आत बसलेला. "चढ रे वेड्या!" तो ओरडला. मुफ्लेह चढला. डोंगराच्या पायथ्याशी तोंड उघडलेली एक अरुंद खिंड होती. तिथे उतरून तो कड्याला भिडला आणि हाका मारू लागला.

"शतीवी! थांब! उडी मारू नको!"

खिंडीने ते शब्द घेतले, चार भिंतींवर आपटले आणि एकात एक कालवून टाकले. वर पोचलं असेल तर नुसतं *आ-आ-आ*. शतीवी क्षणभर थांबला. खाली वाकला. हात हलवला! त्याला वाटलं, बाप शाबासकी देतोय. तो सातव्या कडव्याला लागला.

"अजून जोरात," रम्झी म्हणाले. त्यांना काय चाललंय ते कळलेलं नव्हतं, पण चेहरा उतरला होता. "काय झालंय, अबू शतीवी? पुढं काय आहे?"

"काही नाही," मुफ्लेह म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "पुढं काहीच नाहीये. मी गेलोच नव्हतो पुढं. ऐकलंत? खूण नाही. पायरी नाही. पोरगा हवेत उडी घेणार आहे."

औदा पुढे झाला आणि त्याने मुफ्लेहचा खांदा घट्ट धरला.

"ओरडू नकोस. ओरडलेलं इथं फुटतं. गा."

"काय?"

"गाणं गा. चाल त्याच्या रक्तात आहे. अर्धा शब्द पोचला तरी बाकीचा तो लावून घेईल. गा लवकर, तो उभा राहतोय!"

वर, कड्याच्या टोकाशी, पांढरा ठिपका खरंच उभा राहिला होता.

मुफ्लेहने डोळे मिटले. अल्लाचं नाव घेतलं आणि त्याने पहिलं कडवं उचललं.

*अंजिराच्या मुळापाशी डावीकडे वळ रे,*
*भेगेमध्ये मूठ घाल, नको लावू बळ रे.*

सूर खिंडीत शिरला आणि भिंतींनी तो मोडला नाही, पुढच्या भिंतीकडे दिला. लांब, सावकाश ओळी. प्रतिध्वनी परत यायच्या आत पुढचा शब्द तयार. मधली कडवी गाळून मुफ्लेह थेट आठव्यावर आला. तीच चाल, तोच सूर. आणि ज्या ओळीवर चाळीस वर्षं त्याने माना डोलवून घेतल्या होत्या, तिच्या जागी त्याने खरी ओळ ठेवली. ती त्याला जुळवावी लागली नाही. चाळीस वर्षं ती आतच बसलेली असावी.

*घळ आली पुढ्यात, तिथं मुफ्लेह बसला रडत,*
*पोटाखाली पायरी नाही, ये रे बाळा परत.*

एकदा. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्या वेळी आवाज बसला आणि औदाने आपल्या चिरक्या आवाजात ओळ धरली. चौथ्या वेळी अम्मानचे उस्ताजही बेसूर गात होते, चष्म्याआड डोळे भरून.

मुफ्लेहने डोळे उघडले. ठिपका हलेना. मग तो एक पाऊल मागे गेला. परतायला मागे सरतात, तसं धाव घ्यायलाही मागेच सरतात.

वरून काही पडलं. टक्, टक्, टक् करत ते कड्यावरून खाली आलं आणि दहा हातांवर वाळूत रुतलं. दगड होता. मुठीएवढा. शतीवीने पलीकडच्या पोटाखाली तो टाकून पाहिला होता, आणि तो कुठेही न अडता खाली आला होता.

मग अगदी बारीक, माशीच्या पंखांएवढा सूर आला.

*…ये रे बाळा परत.*

मुफ्लेहने तिथेच वाळूला कपाळ टेकलं आणि ते उचलायला तो विसरला.

शतीवी उतरेपर्यंत दुपार कलली. उतरणं चढण्याहून वाईट, त्यामुळे भीतीही संपली नव्हती, फक्त तिला आता तळ होता. वाट बघताना औदा हळूच म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"शुऐलाचा माथा पांढऱ्या दगडाचा आहे. वरून आलेल्याच्या पायांना पांढरी धूळ लागते. त्या दिवशी तुझे पाय घोट्यापर्यंत नुसते लाल होते."

"मग चाळीस वर्षं बोलला का नाहीस?"

"पोरं तुझं गाणं ऐकता ऐकता उपाशी झोपली होती. माझीही दोन त्यात होती. त्यांना झोपवणाऱ्याला काय बोलायचं?" त्याने नाक पुसलं. "आज बोलायला हवं होतं. सकाळीच. तेवढा दोष माझ्या वाट्याला राहू दे."

रम्झी जीपला टेकून उभे होते. "मंडळाला मी काय कळवू?"

"घळीपर्यंत गेलो होतो, एवढं कळवा," मुफ्लेह म्हणाला. "आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर हे मी सांगणार. बकरं कापलंच आहे, माणसं जेवतील. बिल्ल्याचा डबा तुमच्या जीपमध्येच राहू दे."

"परत येण्याचा बिल्ला काढा एखादा," औदा म्हणाला. "आमच्यात पुष्कळांना द्यावा लागेल."

शतीवी शेवटच्या दगडावरून खाली उतरला. चेहरा राखेसारखा झाला होता. तो बापाकडे न बघता खाली बसला. म्हणाला, "तुमची नवी ओळ ऐकू आली तेव्हा धाव घ्यायला मी तीन पावलं मागे गेलो होतो, बाबा. धावेची दोन टाकूनही झाली होती."

मुफ्लेह मुलासमोर वाळूत बसला आणि त्याने त्याचा उजवा पाय दोन्ही हातांनी आपल्या मांडीवर घेतला. टाच फुटली होती. बोटांच्या बेचक्यांत धूळ भरली होती. त्याने ती अंगठ्याने पुसली, प्रकाशात धरून पाहिली, मग दुसरा पाय घेतला. कुठे एक पांढरा कण नव्हता. घोट्यापर्यंत सगळं लाल.