काकूंची सवत

काकू त्या अ‍ॅम्प्लिफायरला सवत म्हणत. लग्नाच्या आधीपासून तो काकांकडे होता. जड लोखंडी पेटी, वर काचेचे व्हॉल्व्ह आणि जोडीला एकच एक स्पीकर. रोज संध्याकाळी काका बटण दाबायचे, व्हॉल्व्ह तांबूस होईपर्यंत थांबायचे, मग तबकडीवर सुई ठेवून डोळे मिटायचे.

“माझ्याकडे कधी एवढं टक लावून बघितलं नाहीत,” काकू शिवणयंत्रावरून म्हणायच्या.

“तू तापायला वेळ घेत नाहीस,” काका म्हणायचे.

एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा बजावायचे. स्पीकरची वायर जोडल्याशिवाय गाणं लावायचं नाही. रिकामं पातेलं आगीवर ठेवल्यासारखं होतं, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. काकू हुं म्हणायच्या आणि सुईत दोरा ओवायच्या.

काका आजारी पडून दवाखान्यात गेले तेव्हा घर खायला उठलं. वेळ जावा म्हणून काकूंनी स्पीकर सरकवून कोपरे झाडून काढले. संध्याकाळी वाटलं, आज आपणच लावावं. व्हॉल्व्ह उजळले, तबकडी फिरू लागली, आवाज मात्र नाही. “ते घरात नाहीत तर तूही रुसलीस का गं?” म्हणत त्यांनी आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिरगाळलं. तरी काही नाही. मग जळका वास आला. घाईघाईने बंद करून पेटीच्या मागे पाहिलं, तर झाडताना निसटलेली स्पीकरची वायर लोंबत होती.

ती जोडून पाहिली. गाणं पत्र्याच्या डब्यातून यावं तसं आलं, बारीक आणि चिरकं. काकूंनी खिडक्या उघडल्या, पेटीवर कापड टाकलं. ते घरी आले की लगेच सांगायचं, असं ठरवलं.

काका आले ते वाळून काटकी झालेले. काकूंची जीभ उचलेना. संध्याकाळी काकांनी तबकडी लावली. डोळे मिटले, उघडले. स्पीकरजवळ कान नेला.

“नेहमीसारखंच वाजतंय ना गं?”

“मला मेलीला काय कळतंय त्यातलं.”

हे उत्तर त्या जन्मभर देत आल्या होत्या. खोटं ते आजच होतं.

काकांनी तबकडी उतरवून ठेवली. पुढे एकदोनदा लावून पाहिलं, मग लावायचंच सोडलं. एके दिवशी ते पेटीला सुतळी बांधायला बसले.

“हे काय?”

“डॉक्टर म्हणाले होते, औषधाने कानांवर परिणाम होऊ शकतो. झाला. तुझं बोलणं येतं ऐकू, पण गाण्यातला जीव गेला. रेडिओवाल्याला सांगतो, घेऊन जा म्हणून. गेली तुझी सवत. आता तरी खूश?” ते हसले, पण सुतळीची गाठ काही बसेना.

काकूंनी हातातलं शिवण बाजूला ठेवलं. यंत्र जळलं ते चुकून. पण या माणसाला इतके दिवस बहिरं करून ठेवलं, ते काही चुकून नव्हतं.

“अहो, सोडा ती सुतळी. तुमचे कान नाही हो गेले. वायर सुटलेली होती आणि मी लावलं. मी जाळलं.”

काका बघतच राहिले. “म्हणजे आवाजच तसा येतोय?”

“डब्यातून आल्यासारखा. तेवढं मलाही कळतं.”

काकांनी सुतळी ओढून फेकली. तबकडी लावली. चिरका आवाज खोलीभर झाला.

“शी! काय भिकार वाजतंय!” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

काकूंना मान वर करवेना. “अहो, रागवा तरी.”

“रागावणार आहे, सोडतोय थोडाच,” काका स्पीकरला कान लावून म्हणाले. “आधी हे ऐकू दे.”