चिक्कीच्या तराजूत मांजराचे पिल्लू

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. लोणावळ्याच्या बाजारात चिक्की तोलण्यात माझी तीस वर्षे गेली आणि आता म्हातारपणी मी मांजराची पिल्ले तोलतो. हसू नका. चिक्की पारड्यात गप्प बसते, पिल्लू बसत नाही. ते दांडीवर पंजा मारते, साखळीला लोंबकळते आणि शेपटीने माझ्या काट्याला गुदगुल्या करते. खरे सांगू? मला हे दुसरे काम पहिल्यापेक्षा जास्त आवडते.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पितळेची दोन पारडी, लोखंडी दांडी आणि मधोमध बारीक काटा. पारडी रिकामी असताना काटा नेमका मधे यावा म्हणून कारागिराने मला सात वेळा कानस लावली. मग मी चिक्कीच्या दुकानात आलो. तिथे अल्लाबक्षभाई तोलायला होते. ते तोलतात म्हटल्यावर गिऱ्हाईक काट्याकडे बघतसुद्धा नसे. आम्हा दोघांचे फार कौतुक व्हायचे. पुढे दुकानात आकडे दाखवणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी फळीखाली झाली. गुळाच्या वासाने माझ्यावर मुंग्या चढत, पण मला पुसायला कोणी वाकत नसे. दुकान नवे करताना मालकाने मला भंगारात काढले, तेव्हा अल्लाबक्षभाईंनी मला टॉवेलात गुंडाळले आणि घरी आणले.

घरी त्यांची बायको अजीजुन्निसा जातिवंत पर्शियन मांजरे पाळते. तिच्या मांजरांची वंशावळ कागदावर असते, आज्या-पणज्यांच्या नावांसकट. तिने मला चिंचेने घासले, दोन्ही पारड्यांत एकसारखी मऊ फडकी घातली आणि कामाला लावले. आकड्यांच्या काट्यावर पिल्लू हलले की आकडेही नाचतात, असे तिचे म्हणणे. मी मात्र डोलतो, थांबतो आणि नीट सांगतो.

तिचा नियम साधा होता. पिल्लू बारा आठवड्यांचे झाले पाहिजे, दोन लशी झाल्या पाहिजेत आणि एका किलोच्या वजनाला ते भारी पडले पाहिजे. त्याशिवाय पिल्लू उंबरठा ओलांडत नसे. या जातीला फर एवढी, की अंगावर मांस किती ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून तर मी लागतो!

गेल्या हिवाळ्यात तिच्या नूरीला चार पिल्ले झाली. ती सहा आठवड्यांची असताना कामशेतहून अतुल आणि त्याची बारा वर्षांची लेक प्रेरणा पिल्लू निवडायला आले. अतुलचे तांदळाचे दुकान आहे. त्याला पांढरे पिल्लू हवे होते, दुकानात उठून दिसेल म्हणून. अजीजुन्निसाने आधी आई दाखवली, मग पिल्लांचे डोळे, कान, शेपटीखालची स्वच्छता कशी बघायची ते सांगितले. रंग सगळ्यांत शेवटी बघायचा, असे तिने बजावले. तेवढ्यात एक फिकट पिवळसर पिल्लू आपणहून आले आणि प्रेरणाच्या मोज्याशी कुस्ती खेळू लागले. झाले! पांढऱ्याचे नाव कोणी काढले नाही. भाताच्या कोंड्यासारखा रंग, म्हणून तिने त्याचे नावच कोंडा ठेवले.

मग सुरू झाले ते सहा आठवडे! प्रेरणाचा रोज फोन. आज किती भरला? काय खाल्ले? माझ्याकडून उत्तर जायचे आणि तिकडून आनंदाची ओरड ऐकू यायची. माझी तर छाती फुगायची. चिक्कीच्या वजनासाठी कधी कोणी असा जीव टाकला नव्हता. बाराव्या आठवड्याच्या तोंडावर कोंडा किलोला बरोबरीत आला आणि अजीजुन्निसाने येत्या रविवारी न्यायला या असे कळवले. त्यानंतरचा आठवडा मात्र बाकीच्या पिल्लांच्या गडबडीत त्याला तोलायचे राहूनच गेले.

रविवारी बाप-लेक सकाळीच हजर. बरोबर नवी टोपली, नवी गादी. कामशेतच्या घरी मैत्रिणी जमल्या होत्या, आईने दारात रांगोळी काढली होती. प्रेरणाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. अजीजुन्निसाने एका पारड्यात किलोचे वजन ठेवले, दुसऱ्यात कोंडा ठेवला आणि ती वंशावळीचा कागद काढायला कपाटाकडे वळली. अतुल बाहेर गाडी वळवत होता.

कोंड्याचे पारडे खाली गेलेच नाही. उलट वर उचलले गेले.

प्रेरणाने ते पाहिले. मग मित्रांनो, तिने हळूच फडक्याखाली बोट सरकवले आणि पारडे दाबले.

ही लबाडी कुठे करायची ते तिला ठाऊक होते. दुकानात आपल्याला कोणी फसवू नये म्हणून अतुलनेच तिला एकदा दाखवले होते, की बोट कुठे लागते आणि काटा थरथरू नये म्हणून किती जोर लावतात. तीस वर्षांत अल्लाबक्षभाईंनी माझ्या पारड्याला बोट लावले नव्हते. माझा काटा मधे आला, पुढे झुकला आणि मी पहिल्यांदाच खोटे बोललो. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

अजीजुन्निसा वळली, काटा बघून समाधानाने हसली आणि तिने कोंड्याला टोपलीत ठेवले. प्रेरणाने टोपली उचलली. ती दारापर्यंत गेली. तिथेच थांबली. अतुल गाडीतून हाका मारत होता.

ती परत आली आणि टोपली माझ्यापाशी ठेवून म्हणाली, "मावशी, परत मोजा. मी बोट लावलं होतं."

अजीजुन्निसाने कोंड्याला टोपलीतून बाहेर काढले. तिने परत मोजले. कोंड्याच्या बाजूला पन्नास ग्रॅमचे वजन ठेवले तेव्हा कुठे काटा मधे आला. आठवड्यात वाढायचे सोडून पोरगे घटले होते! तिने त्याचे तोंड उघडून पाहिले. मागची हिरडी सुजली होती. तो दूध प्यायचा, पण खाणे हुंगून सोडून द्यायचा. इतर पिल्लांच्या गडबडीत ते तिच्याही नजरेतून सुटले होते. नव्या घरी पिल्ले आधीच बुजून दोन दिवस कमी खातात. हा तर उपाशीच पडला असता.

आत आलेल्या अतुलला सारे कळले तेव्हा त्याची मान खाली गेली. "लय चुकलं, मावशी," तो म्हणाला. "चोर वळखायला शिकवलं म्या, आन् हिनं हे केलं."

प्रेरणा रडत रडत रिकामी टोपली घेऊन गेली. डॉक्टरांनी औषध दिले. मला रोज दोनदा कामाला लावले जाई आणि काटा रोज केसभर सरके. मला एवढी उत्सुकता वाटे की रात्रभर पारडी स्थिर ठेवणे जड जाई.

दोन आठवड्यांनी ते पुन्हा आले. सकाळीच कोंडा किलोच्या वर चांगला भरला होता. पण ते यायच्या आधी अजीजुन्निसाने एक गोष्ट केली, ती फक्त मला माहीत होती. किलोच्या वजनाबरोबर फडक्याखाली तिने शंभर ग्रॅमचे आणखी एक वजन लपवले. मग प्रेरणाला म्हणाली, "आज तूच मोज गं. मी चहा टाकते." आणि ती अतुललाही आत घेऊन गेली.

खोलीत आम्ही तिघेच. प्रेरणाने कोंड्याला पारड्यात ठेवले. पारडे वरच राहिले. तिने त्याला नीट बसवले, श्वास रोखून वाट पाहिली. पारडे हलेना. तिचा हात पारड्याजवळ आला आणि माझी दांडी आतून गोठली. तिने फक्त कोंड्याचा कान कुरवाळला आणि हात मागे घेतला.

"मावशी," तिने हाक मारली. "अजून कमी आहे. आम्ही पुढच्या रविवारी येतो."

अजीजुन्निसा बाहेर आली, तिने फडके उचलून ते लपवलेले वजन काढून घेतले आणि कोंड्याचे पारडे झपकन खाली आले!

"पिल्लू नेल्यावर लोक फोनवर सगळं छान आहे म्हणतात," अजीजुन्निसा म्हणाली. "ते आजारी पडलं की मला शेवटी कळतं. तू मला खरं सांगशील. ने त्याला."

मित्रांनो, मी फक्त वजन सांगतो. पिल्लाला भूक आहे का, ते दुखण्याने गप्प आहे का, हे त्याच्याजवळ बसून तुम्हालाच बघावे लागेल. ते घरी आणायची घाई करू नका. आणि घरात माझ्यासारखे कोणी जुने पडले असेल, तर त्याला अधूनमधून पुसत जा. ते अजून खरे सांगते.

त्याच संध्याकाळी प्रेरणाचा फोन आला. कोंड्याने दोनच घास खाल्ले आणि तो कपाटामागे बसला आहे, काय करू, असे ती विचारत होती. अजीजुन्निसा खुर्ची ओढून बसली आणि तिला एकेक गोष्ट सावकाश सांगू लागली.