चॅम्पियनच्या खांद्याचं मलम

माझा नवरा परीक्षित नागपूरचा. शेहेचाळीस डिग्रीत वाढलेला हा माणूस एक दिवस बर्फातल्या शर्यतीत अमेरिकेचा चॅम्पियन होईल, असं लग्नात कुणी सांगितलं असतं तर मी दुसरं स्थळ पाहिलं असतं.

सुरुवात डॉक्टरांनी करून दिली. त्रेचाळिसाव्या वर्षी शुगर काठावर आली आणि डॉक्टर म्हणाले, हालचाल वाढवा. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या हिवाळ्यात हालचाल म्हणजे ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढणं. परीक्षितनं एका गराज सेलमधून जुन्या स्की आणल्या. डोंगरावरून घसरत यायच्या नव्हेत, सपाट रानातून स्वतःच्या दमावर मैलोन् मैल रेटायच्या त्या, क्रॉस-कंट्रीच्या. पहिल्या दिवशी तो एकोणीस वेळा पडला. आमची इला तेव्हा नऊ वर्षांची होती, तिनं मोजलं.

विसाव्या वेळी तो पडला नाही, आणि आमच्या घराची शांतता गेली. स्कीच्या तळाला मेण लावून ते इस्त्रीनं पसरवतात, हे मला माझी इस्त्री गेल्यावर समजलं. उन्हाळ्यात तो चाकांच्या स्की घालून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन कॉलनीतून फिरायचा. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "तुमचे मिस्टर ठीक आहेत ना?"

पण मी थट्टा करते म्हणून तो काही लेचापेचा नव्हता. पहाटे पाचला उठून रानात जायचा, पापण्यांवर बर्फ घेऊन परत यायचा आणि आठ वाजता ऑफिसच्या कॉलवर बसायचा. आठ वर्षं. एक्कावन्नाव्या वर्षी विस्कॉन्सिनला पन्नास ते चोपन्न वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो पहिला आला. पुढच्या वर्षी पुन्हा. गावातल्या मराठी मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्षांनी त्याची ओळख "आपले आइस स्केटिंग चॅम्पियन" अशी करून दिली आणि त्यानं ती दुरुस्त केली नाही, कारण टाळ्या चालू होत्या. यशाचं रहस्य विचारल्यावर म्हणाला, "आमच्या ताईचे डिंकाचे लाडू."

ताई म्हणजे सरलाताई, त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवलं. दर दिवाळीनंतर त्या नागपूरहून लाडवांचा डबा पाठवतात. ते भाषण मी फोनवर त्यांना ऐकवलं तेव्हा त्या पाच मिनिटं नुसत्या नाक ओढत होत्या.

तिसऱ्या वर्षी परीक्षित चौथा आला. पुढचे तिघंही नुकतेच पन्नाशीत आलेले. "पोरं आहेत ती," तो म्हणाला. ते वर्षभर तो आरशात फार पाहायचा.

मग बाथरूमच्या ड्रॉवरमध्ये एक ट्यूब आली. मी विचारलं, तर म्हणाला खांद्याचं मलम आहे. एका रविवारी बर्फ ओढून माझाच खांदा भरून आला. मी ट्यूब उघडून बोटावर घेणार, इतक्यात हा टॉवेलवरच धावत आला.

"ते नको लावू!"

"का? खांद्याचंच आहे ना?"

"हो, पण ते... पुरुषांच्या खांद्याचं आहे."

पंचवीस वर्षांच्या संसारात नवरा वेडपटासारखं बोलला तर बायको दर वेळी चौकशी करत बसत नाही. मी बाम लावला आणि झोपले.

त्या हिवाळ्यात तो चोपन्नाव्या वर्षी पुन्हा पहिला आला. पोरांना दीड मिनिटानं मागे टाकून. शर्यत संपल्यावर त्याची लघवी तपासायला घेतली.

मार्चमध्ये उत्तेजक चाचणीवाल्यांचं पत्र आलं. इला सुट्टीला घरी आली होती, तिनंच मोठ्यानं वाचलं. टेस्टोस्टेरॉन सापडलं होतं, आणि तेही शरीरात तयार झालेलं नव्हे, बाहेरून आलेलं. परीक्षित म्हणाला, "लॅबची चूक आहे." मी वर जाऊन ड्रॉवर उघडला. ट्यूब नव्हती. नसलेली ट्यूब पाहून मला जे कळायचं ते कळलं. तरी मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि मग मला चॅम्पियनची बायको राहता आलं नसतं.

पत्रासोबत फॉर्म होता. कुठली औषधं, सप्लिमेंट, घरगुती पदार्थ घेत असाल तर लिहा. परीक्षितनं लिहिलं: डिंकाचे लाडू.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच निकाल लागला. या लोकांना डिंक कळत नाही यार, मेथी पण असेल त्यात, आपल्या पदार्थांची यांना भीतीच वाटते. बातमी नागपूरला पोचली. सरलाताईंचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता.

"परी, काहीतरी खाण्यातून गेलं म्हणतात. माझ्या लाडवांतून गेलं का रे?"

तो गप्प राहिला. मी खोटं बोललो नाही, असं त्याचं नंतरचं म्हणणं. ते खरंच आहे. तो फक्त गप्प राहिला. मीसुद्धा.

"औंदा डिंक नव्या दुकानातून आणला होता," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी कुरिअर आलं. आत शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, आणि खाली ताईंची वाकडी सही. मराठीत टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र. "मी, सरला, वय वर्षे एकाहत्तर, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की लाडू मीच वळले. डिंकाची खात्री न करता वापरला, ही चूक माझी आहे. माझा भाऊ निर्दोष आहे. त्याला शिक्षा करू नये. काय करायचे ते मला करावे."

परीक्षितनं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. इला शनिवार-रविवारसाठी पुन्हा घरी आली होती. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी तिला अर्थ सांगितला. ती बापाकडे वळली.

"डॅड," ती म्हणाली, "आत्याला कॉल कर. नाऊ."

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सगळं माहीत असलेली मी एकटीच आहे, असा माझा आपला समज.

त्यानं फोन लावला. नागपुरात सकाळचे नऊ वाजले होते.

"ताई, लाडवांत काही नव्हतं. मी एक जेल लावत होतो. क्लिनिकमधून घेतलेलं. चालत नाही हे मला माहीत होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताईंनी गॅस बंद केला आणि माझ्याबद्दल विचारलं.

"रेणूला माहीत होतं?"

"मी सांगितलं नव्हतं."

"ताई, मला कळलं होतं," मी म्हणाले. ते म्हणायलाच हवं होतं.

"आणि आधीची दोन पदकं?"

"ती स्वच्छ होती, ताई. शपथ."

"तुझ्या शपथेचं मी आता काय करू?" त्या म्हणाल्या, आणि त्याचा चेहरा पाहवेना. मग त्यांचा आवाज चढला. "अरे, मी त्या दुकानदाराला चार गिऱ्हाइकांसमोर भेसळखोर म्हणाले! हात जोडत होता बिचारा! आता त्याला काय तोंड दाखवू? तूच बोल त्याच्याशी. नंबर घे."

दुसऱ्या दिवशी परीक्षितनं आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका किराणा दुकानदाराची माफी मागितली. दुकानदाराला आधी वाटलं, अमेरिकेतून डिंकाची मोठी ऑर्डर आली. परीक्षितला सगळं दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना तो रडला.

मग त्यानं फॉर्म बदलून खरं लिहिलं. दोन वर्षांची बंदी आली, शेवटचं पदक गेलं, आणि इंटरनेटवर त्याचं नाव यादीत लागलं, कुणीही वाचावं असं. मंडळाच्या ग्रुपवर त्यानं स्वतः चार ओळी टाकल्या. तासाभरानं त्याखाली कुणीतरी गणपतीच्या जेवणाचा मेन्यू टाकला.

पदक मात्र त्यानं नुसतं परत केलं नाही. आयोजकांकडून दुसऱ्या नंबरच्या माणसाचा पत्ता घेतला आणि त्याला हातानं माफीचं पत्र लिहिलं. तो मिनेसोटाचा, त्रेपन्न वर्षांचा सुतार. उत्तर आलं ते एका पोस्टकार्डावर. "पदक मिळालं. बायकोनं पोस्टमनलासुद्धा दाखवलं. त्या दिवशी शेवटच्या चढावर तू पुढे गेलास तेव्हा मला वाटलं, आपण संपलो. संपलो नव्हतो, हे कळलं ते बरं झालं. दोन वर्षांनी भेटू."

परीक्षितनं कार्ड फ्रिजवर लावलं. बराच वेळ त्याच्यासमोर उभा होता. मला वाटलं, पश्चात्ताप चालला आहे.

"रेणू," तो म्हणाला, "दोन वर्षांनी आम्ही दोघंही पंचावन्न ते एकोणसाठच्या गटात येऊ."

"मग?"

"त्या गटात पोरं नसतात."

मी त्याला भाजी निवडायला बसवलं.